फोन आधी बांधा, मग गाडी हाका



दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर या पानावर मी बेण्याविषयी, खोडव्याविषयी किंवा पाचट न जाळण्याविषयी लिहितो. यंदा विषय जरा वेगळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने गाडीत मोबाईल कुठे आणि कसा बसवावा यावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण उसाच्या धंद्यात फोन आता कोयत्याइतकाच रोजचा झाला आहे. कोयता कुठे ठेवायचा हे आपण पोरांना शिकवतो. गाडी चालवताना फोन कुठे ठेवायचा हे मात्र कोणी कोणाला शिकवलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

आमचे एक जुने सभासद आहेत. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. परवा गट ऑफिसात बसले असता ते म्हणाले, "अहो साहेब, आम्ही चाळीस वर्षं ऊस घातला, आम्हाला कधी नकाशा लागला नाही. आताच्या पोरांना फोनशिवाय रस्ता दिसत न्हाई व्हय?" आबांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांच्या वेळी फड जवळचे, गाडीवान ओळखीचा, आणि चार खेपा झाल्या की वाट बैलांनाच पाठ. आज ट्रॅक्टर परजिल्ह्यातून येतो. ड्रायव्हर या भागात पहिल्यांदाच आलेला. त्याला आपण रात्री अकरा वाजता सांगतो, अमुक गट नंबरच्या फडावर जा. विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नसते. चुकून भलत्याच पाणंदीत शिरला, तर मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलटा घेणे महाकठीण. ट्रॉल्या सोडून एकेक ओढून काढावी लागते. तिकडे तुटलेला ऊस फडात पडून राहतो. तोडल्यापासून जितका वेळ जाईल तितके वजन घटते आणि उतारा पडतो, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. तेव्हा नकाशा ही चैन नव्हे, हे आधी मान्य करू. प्रश्न आहे तो नकाशा दाखवणारा फोन गाडीत कशाच्या आधाराने उभा आहे, हा.

गेल्या हंगामात गाडीतळावर उभा राहून मी सहज पाहत होतो. कोणाचा फोन मांडीवर, कोणाचा मीटरच्या काचेपुढे खोचलेला, कोणी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने तो स्टिअरिंगलाच बांधलेला, तर कोणी कान आणि खांदा यांच्यात धरलेला. जीप आणि मोटारवाले सभासदही यात मागे नाहीत. पण दुसऱ्याचे दोष काढण्याआधी माझा स्वतःचा सांगतो.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीची रात्र, थंडी मनस्वी. जीपचा ड्रायव्हर रजेवर होता म्हणून गाडी मीच चालवत होतो. एका टोळीची तक्रार आली होती आणि फड मला नवा होता. फोन मी पुढच्या डॅशबोर्डवर पंचाची घडी घालून, काचेला टेकवून ठेवला होता. कॅनॉलच्या वळणावर फोन घसरला आणि पायाशी पडला. मी पायानेच त्याला चाचपडू लागलो. मान वर केली तेव्हा पुढे उसाने भरलेली बैलगाडी. मी ब्रेक दाबला, पण पेडल खाली जाईना. फोन नेमका पेडलच्या खाली जाऊन बसला होता. हँडब्रेक ओढला आणि गाडी सरळ बाजूच्या लागणीत घातली. सरीत चाके रुतली आणि जीप थांबली.

गाडीवर उसाच्या मोळ्यांवर एक बाई, वाकळेत गुंडाळलेल्या पोराला घेऊन बसली होती. गाडीवान खाली उतरून धावत आला आणि मलाच म्हणाला, "साहेब, लागलं न्हाई न्हवं कुठं?" मला तोंडातून शब्द फुटेना. त्याच्या गाडीला मागे रिफ्लेक्टर नव्हता हे खरे. पण माझ्या गाडीला त्या घटकेला ब्रेक नव्हता, आणि तो मीच माझ्या हाताने काढून घेतला होता. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आता थोडे गणित मांडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद पाहिले, की २२ मीटर, म्हणजे ७० फुटांहून जास्त रस्ता आपण आंधळेपणाने तोडला. ट्रॅक्टर २० च्या वेगाने जात असला, तरी दोन सेकंदांत ११ मीटर जातो, आणि मागे भरलेल्या ट्रॉल्या असल्या की ब्रेक दाबल्यावर तो जागच्या जागी थांबत नाही. दुसरे असे की ५० च्या वेगातली गाडी धडकून एकदम थांबली, तर सैल ठेवलेला फोन त्याच वेगाने पुढे जातो. दहा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूला खाली येईपर्यंत जो वेग येतो, तोच हा वेग. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणारा फोन कोणी डोक्यावर झेलून घेईल काय?

कायदाही यावर गप्प नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमात एक सवलत आली. ती अशी, की फोनचा वापर केवळ रस्ता पाहण्यासाठी करता येईल, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे सरकारने नकाशाला ना म्हटलेले नाही. लक्ष कसे विचलित होऊ द्यायचे नाही, हे मात्र आपल्यावर सोडले आहे. माझ्या मते त्याचे उत्तर फोन पक्का बसवण्यात आहे.

जागा कोणती निवडावी? मी तीन कसोट्या लावतो. पहिली डोळ्याची. फोन असा असावा, की मान न वळवता, नुसती नजर जराशी हलवून दिसेल, पण रस्ता झाकणार नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पुढच्या काचेवर वस्तू चिकटवायला सर्वसाधारणपणे बंदी होती. २००९ पासून त्यांनी रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला सूट दिली, पण तीही मोजून मापून: काचेच्या खालच्या कोपऱ्यात, चालकाच्या बाजूला ५ इंच चौरस किंवा दुसऱ्या टोकाला ७ इंच चौरस, आणि एअरबॅगच्या वाटेत नाही. आपण इंच मोजले नाहीत तरी काचेच्या मध्यभागी फोन लावू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे.

दुसरी कसोटी हाताची. फोनपर्यंत पोचायला पुढे वाकावे लागू नये, आणि गिअर, स्टिअरिंग किंवा ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक लिव्हर यांच्या आड तो येऊ नये. मोटारीत एअरबॅग ज्या झाकणाखाली असते त्यावर तर काहीच चिकटवू नये. जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. ती धडकेनंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते, आणि तिच्यापुढे असलेली वस्तू गोफणीतल्या दगडासारखी माणसावर येते.

तिसरी कसोटी आभाळाची. फोन रस्ता ओळखतो तो सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकून. एका वेळी निदान चार उपग्रह लागतात. फोन पत्र्याच्या कप्प्यात खोल ठेवला, तर संदेश क्षीण होतो आणि बाण रस्ता सोडून शेतात फिरू लागतो. आणि आभाळ मोकळे असले तरी काही मीटरचा फरक राहतोच. कॅनॉलच्या या काठाला की त्या काठाला, हे शेवटी चिटबॉयलाच विचारावे. फोन गावापर्यंत आणतो. बांधापर्यंत माणूसच नेतो.

आता बसवण्याचे प्रकार. मी यातले बहुतेक स्वतः वापरून पाहिले आहेत.

काचेला रबरी वाटीने चिकटणारा होल्डर सर्वांत जास्त विकला जातो. त्याची गंमत आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. वाटीतली हवा बाहेर काढली, की बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो याप्रमाणे तिला काचेवर दाबून धरते. सहा सेंटिमीटर रुंद वाटीवर हा जोर हिशेबाने २८ किलो भरतो. मग ती पडते का? आपल्या मोटारीच्या सक्शन पाइपात कुठून हवा शिरली, की पंप पाणी सोडतो, तेच इथे. वाटीखाली धुळीचा एक कण किंवा तेलकट बोट लागले, की हवा शिरते. उन्हाने रबर कडक झाले, की कडा उचलते. म्हणून काच साबणाच्या पाण्याने धुवून, कोरडी करून मगच वाटी लावावी, आणि दर आठवड्याला काढून पुन्हा लावावी. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर "एकदा लावली, काम झालं" हे चालत नाही.

डॅशबोर्डला चिकटपट्टीने बसणारा होल्डर सपाट जागेवर चांगला धरतो, खडबडीत किंवा गोलाईच्या जागेवर नाही. डॅशबोर्डला पॉलिश मारलेले असेल, तर ते आधी पुसून काढावे. चिकटवल्यावर एक दिवस त्यावर फोन ठेवू नये. लागण केल्यावर मूळ धरू देतो तसेच हे.

एसीच्या जाळीला अडकवायचा चिमटा सोयीचा वाटतो, पण जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. जड फोनाने त्या वाकतात आणि खड्ड्यात तुटतात. उन्हाळ्यात थंड वाऱ्याने फोन गार राहतो, एवढा एक गुण. लोहचुंबकाचा होल्डर एका हाताने लावता येतो. मात्र चुंबकाने फोनमधले होकायंत्र बावचळते, आणि गाडी उभी असताना बाण भलतीकडे तोंड करतो. कच्च्या रस्त्यावर जड फोन त्यावरून सरकतोही.

कोणताही होल्डर असो, उन्हाचा विचार हवा. काचेमागे भर दुपारी फोन तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंग बंद पडते; नेमका फाटा आला की नकाशा दिसेनासा होतो. शक्य तो काचेपासून थोडा मागे, सावलीत लावावा, आणि उभ्या बंद गाडीत तसाच सोडून जाऊ नये.

ट्रॅक्टरचे प्रकरण निराळे आहे. त्याला बहुधा पुढे काच नाही, डॅशबोर्ड नावालाच, आणि हादरे सर्वांत जास्त. तिथे वाटी, चिकटपट्टी किंवा चुंबक यांपैकी काहीच टिकत नाही. तिथे नट-बोल्टच पाहिजे. लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट, त्याखाली रबराचा वायसर, आणि हादऱ्याने सैल न होणारा नायलॉक नट. टपाच्या खांबाला बसवायचा असेल, तर क्लॅम्पने आवळावा. खांबाला भोक पाडू नये. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारा खांब असेल, तर तो भोकाने कमजोर होतो. फोन चारही कोपऱ्यांत धरला जाईल असा होल्डर घ्यावा, आणि वर एक दोरी असावी. बैलाला वेसण असते आणि शिवाय कासराही असतो. होल्डर ही वेसण, दोरी हा कासरा. दोरी एवढीच आखूड ठेवावी, की फोन सुटला तरी पेडलपर्यंत पोचता कामा नये. चार्जिंगची वायर स्टिअरिंग आणि गिअरपासून लांबून न्यावी. बॅटरीवरून थेट घेतली असेल, तर बॅटरीजवळच फ्यूज टाकावा. घासलेल्या वायरीची ठिणगी आणि वाळले पाचट यांची गाठ पडू देऊ नये.

मोटारसायकलविषयी माझे मत कडक आहे. हँडलवर फोन लावायचाच, तर रबराची गादी असलेला होल्डर लावावा. इंजिनाच्या सततच्या हादऱ्याने फोनच्या कॅमेऱ्याचे आतले भाग बिघडू शकतात, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. पण खरे सांगू का, दोन चाकांवर खड्डा चुकवायचा की नकाशा पाहायचा? मी स्वतः फोन खिशात ठेवतो. फाट्यावर थांबतो, पाहतो, मग पुढे जातो. दोन मिनिटे जातात, पण घरी पोचतो.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आमच्या वर्कशॉपमधले एक मिस्त्री म्हणाले, "साहेब, डोळ्यापुढं फोन बांधून दिला, तर गडी पिक्चर बघत गाडी हाणंल." तसे करणारे आहेत, नाही कशाला म्हणू? त्याला लोखंडाचा इलाज नाही, मालकाचा धाक पाहिजे. पण फोन बांधला नाही म्हणून पिक्चर बघणारा थांबत नाही; तो मांडीवर ठेवून बघतो, म्हणजे रस्ता आणखीच दिसत नाही. नियमाने परवानगी आहे ती फक्त रस्ता पाहायची, हे मालकाने पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला सांगावे. आणि ट्रॅक्टरवरचा तो डेक! बेंजो आणि भोंगे एवढ्या मोठ्याने, की मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही. फोन "डावीकडे वळा" असे तोंडाने सांगत असतो. डेक बारीक असला, तर पडद्याकडे पाहायची गरजच निम्मी संपते.

आता जे लिहिणार आहे, ते आमच्या खात्यालाच लागू आहे, आणि मला वाटते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. चालत्या गाडीत ड्रायव्हरचा हात फोनकडे का जातो? कारण फोन वाजतो. आणि फोन कोण करतो? आम्हीच! "कुठवर आलास?", "फडावर पोचलास का?", "काट्यावर नंबर लागला का?" एका रात्री मीच एका ड्रायव्हरला पाऊण तासात सहा फोन केले होते. सहाव्या वेळी तो काकुळतीने म्हणाला, "साहेब, गाडी चालवू का फोन उचलू?" म्हणजे एकीकडे आम्ही भिंतीवर सुरक्षिततेचे फलक लावायचे, आणि दुसरीकडे त्याच माणसाच्या हातात चालत्या गाडीत फोन द्यायचा. असे असेल तर जगातला उत्तम होल्डरही कुचकामी. ज्या फोनला हात लावावा लागत नाही, तोच फोन खरा पक्का बसला, असे मी समजतो.

म्हणून मा. संचालक मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत.

एक, वाहतूक करार करताना गाडीचे रिफ्लेक्टर आणि ट्रॉलीची पिन आपण तपासतो, त्यातच फोनचा ब्रॅकेट धरावा. आपल्या वर्कशॉपमध्ये पट्टीचे ब्रॅकेट तयार करून हंगामाआधी बसवून द्यावेत आणि खर्च वाहतूक बिलातून हप्त्याने घ्यावा. एकट्याला जे महाग पडते, ते सर्वांनी मिळून स्वस्तात करायचे, यासाठीच तर आपण सहकार मांडला.

दोन, चिटबॉयने फडाचे ठिकाण गाडी गाडीतळावरून हलायच्या आधी ड्रायव्हरच्या फोनवर पाठवावे. ड्रायव्हरने उभ्या गाडीत रस्ता लावून घ्यावा आणि मगच गिअर टाकावा.

तीन, शेतकी खात्याच्या माणसाने चालत्या गाडीला फोन करू नये. केलाच, तर उचलला नाही म्हणून रागावू नये. ड्रायव्हरने सुरक्षित जागी थांबून उलट फोन करावा. हा नियम प्रथम माझ्यापासून लागू करावा.

मी कृषी पदविकाधारक माणूस, इंजिनिअर नव्हे. माझ्या ब्रॅकेटात दोष असतील, तर मिस्त्री लोकांनी सुधारावेत. माझी जीप रोज सकाळी आठपर्यंत शेतकी ऑफिसपुढे उभी असते. तिच्या डॅशबोर्डवर दोन बोल्टने बसवलेला होल्डर आणि वीतभर दोरी आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे, हलवून पाहावा, माप घेऊन जावे. आबाही येऊन पाहून गेले. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, "घट्ट हाय. आता नातवाच्या ट्रॅक्टरला असाच बसवून द्या."

हंगाम तोंडावर आहे. त्या बैलगाडीवरची बाई आणि तिचे पोर यंदाही कुठल्या तरी गाडीवर, कुठल्या तरी वळणावर आपल्या पुढे असणार आहेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी